ट्रेडमिलची मोटर फिरते आणि लगेच थांबते: जुन्या कंट्रोलरला नॉबने वेग देताना

भंगारातल्या ट्रेडमिलमधून काढलेली डीसी मोटर आणि तिचा कंट्रोलर बोर्ड लेथला, बेल्ट ग्राइंडरला किंवा ड्रिल प्रेसला जोडायचा आणि एका नॉबने वेग कमीजास्त करायचा, हा उद्योग करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. बोर्डावरचा दिवा लागतो, पण मोटर हलत नाही. किंवा हलते, काही सेकंद छान फिरते आणि थांबते. वीज बंद करून पुन्हा दिली की तेच. मग बोर्ड जळका ठरवून फेकला जातो, दुसरा आणला जातो, आणि तोही तेच नाटक करतो.

यातले बरेच बोर्ड धडधाकट असतात. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर माणूस उभा असतो, म्हणून जरा शंका आली की मोटर बंद करायची, अशीच या कंट्रोलरची रचना असते. कन्सोल (समोरचा बटणांचा फलक), सेफ्टी की (उपटली की यंत्र थांबते ती किल्ली), वेग मोजणारा सेन्सर, मोटरच्या पोटातला तापमानाचा स्विच, यांपैकी काहीतरी सांगाडा खोलताना मागे राहिलेले असते आणि बोर्ड त्याची वाट बघत बसतो. तेव्हा सुट्टे भाग बदलण्याआधी बोर्ड कशाची वाट बघतो आहे ते शोधायचे.

हात घालण्याआधी

या बोर्डांत मोटरकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत ट्रान्सफॉर्मर नसतो. घरातली वीज थेट ब्रिजमधून (एसीची डीसी करणाऱ्या डायोडच्या संचातून) जाते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर फिल्टर कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात, १२० व्होल्टवर सुमारे १७०. प्लग काढल्यावरही ते तिथेच बसून असतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्यापेक्षा ४.७ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर चिमट्यांनी लावा. ६८० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर त्यातून पंधरा-सोळा सेकंदांत रिकामा होतो. मग मीटरने खात्री करा.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची, कारण ती दिसत नाही. जुन्या थाइरिस्टरवाल्या (थाइरिस्टर म्हणजे मोटरचा प्रवाह सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बोर्डांवर स्पीड पॉटची (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरची) तीन टर्मिनले मेन्सशी, म्हणजे घरातल्या विजेशी, जोडलेलीच असतात. पॉटच्या दोन टोकांमध्ये थोडेसेच व्होल्ट दिसतात, पण जमिनीच्या तुलनेत तिथे पूर्ण मेन्स असू शकतो. अशा ठिकाणी प्लास्टिकच्या दांड्याचा पॉट, प्लास्टिकचा नॉब, मेन्सच्या दर्जाची वायर आणि बंद डबा हवाच. आर्डुइनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) किंवा यूएसबीने संगणकाला जोडलेले काहीही तिथे थेट लावायचे नाही. अर्थिंग असलेला ऑसिलोस्कोपही नाही. आपला बोर्ड कसा आहे ते कळायला वीज काढून, कॅपॅसिटर रिकामा करून, पॉटच्या किंवा कन्सोलच्या कनेक्टरचा कॉमन आणि ब्रिजचे ऋण टोक यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. काही ओहम किंवा काही किलोओहम आले तर ती बाजू 'जिवंत' समजा.

थाइरिस्टरची पाठ अनेकदा हीटसिंकला (उष्णता खेचणाऱ्या धातूच्या पट्टीला) थेट टेकलेली असते, म्हणून हीटसिंकलाही बोट लावू नका.

आधी मोटर

बोर्डावर संशय घेण्याआधी मोटर वेगळी काढून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. १३० व्होल्टला मिनिटाला ६००० फेरे अशी पाटी असलेली मोटर १२ व्होल्टवर साडेपाचशेच्या आसपास फेऱ्यांनी शांतपणे फिरली पाहिजे. अडखळली, एखाद्या जागी अडकली किंवा हाताने ढकलल्यावरच सुटली, तर कार्बन ब्रश झिजलेत किंवा कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या फिरत्या कड्यावर) काजळी आहे. ब्रश त्याच जागी त्याच बाजूने परत बसवायचे, नाहीतर नव्याने घासून बसेपर्यंत ठिणग्या उडत राहतात.

मोटरमधून दोन जाड तारांखेरीज दोन बारीक तारा निघत असतील (बऱ्याचदा दोन्ही एकाच रंगाच्या), तर तो तापमानाचा स्विच. थंड मोटरमध्ये तो बंद असतो, म्हणजे मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो. मूळ जोडणीत या तारा बोर्डाकडे किंवा पुरवठ्याच्या मार्गात गेलेल्या असतात. मोटर काढताना त्या कापून मोकळ्या सोडल्या की काही बोर्ड अजिबात सुरू होत नाहीत, आणि लोक आठवडाभर पॉट बदलत बसतात. त्या तारा जागच्या जागी जोडा. थेट शॉर्ट करून मोकळे होण्याचा मोह होतो, पण ग्राइंडरवर मंद वेगाने तासभर काम करणारी मोटर ट्रेडमिलपेक्षा जास्त तापते. तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. शाफ्ट मंद झाला की वाराही मंद.

पाटीवर डीसी व्होल्ट लिहिलेलेच नसतील आणि सारख्या जाडीच्या तीन तारा येत असतील, तर ती व्यायामशाळेतल्या मोठ्या यंत्राची एसी मोटर आहे. तिला वारंवारता बदलून वेग बदलणारा इन्व्हर्टर लागतो, पुढचे काहीच तिला लागू नाही.

बोर्ड कोणत्या जातीचा

इथे निदान निम्मे होते. पहिली जात पॉटवाली: एमसी-६० हे तिचे ओळखीचे नाव. ट्रेडमिलवरच सरकता किंवा फिरता पॉट होता आणि त्याच्या तीन तारा बोर्डाला येत होत्या. दुसरी जात पीडब्ल्यूएमवाली, जशी एमसी-२१००. इथे कन्सोल वेगाचा हुकूम ठोक्यांच्या रूपात एका तारेवर पाठवतो. तिसरी जात सिरियलवाली. तिथे कन्सोल आणि बोर्ड एकमेकांशी आकड्यांत बोलतात, आणि बोलणे थांबले की रिले सुटतो.

तारांच्या संख्येवरून जात ओळखायचा प्रयत्न फसवा ठरतो, कारण चढ-उताराच्या मोटरच्या ताराही त्याच जुडग्यात असतात. कन्सोल शाबूत असेल तर तो जोडून एकदा ट्रेडमिलसारखेच चालवून बघा आणि वेगाच्या तारेवरचे व्होल्ट मोजा. वेग वाढवताना मीटर सावकाश चढत गेला तर पॉट किंवा पीडब्ल्यूएम. काहीही केले तरी मीटर एकाच आकड्याभोवती थरथरत राहिला तर बहुधा सिरियल.

पॉटवाला बोर्ड: शून्यावर नेल्याशिवाय सुरूच होत नाही

हा दोष नाही. वीज येते तेव्हा नॉब शून्यावर नसेल तर बोर्ड मोटरला वीज देत नाही. वीज जाऊन परत आली तर पट्टा एकदम धावू नये म्हणून ही सोय आहे, आणि लेथवर तर ती सोन्यासारखी आहे. तिला बगल देणारे जोडकाम करू नका. जुन्या रेडिओत असतो तसा, शून्याला 'टक्' करून बंद होणारा स्विचवाला पॉट लावला की नॉब शून्यावर नेण्याची सवय आपोआप लागते. मात्र त्या छोट्या स्विचवर मोटरचा प्रवाह सोडायचा नाही. मुख्य पुरवठ्याला वेगळा, वीज गेल्यावर स्वतःच सुटणारा स्टार्टर स्विच हवा.

खरा त्रासदायक दोष याच सोयीच्या आड लपतो. मोटर व्यवस्थित चालू असते, मध्येच थांबते, आणि नॉब शून्यावर नेऊन परत वाढवला की पुन्हा नीट चालते. अनेकजण याला ओव्हरलोड समजतात. मोटरवर काहीच भार नसतानाही हे घडत असेल तर पॉटकडे बघा. झिजलेल्या पट्टीवरून मधला काटा क्षणभर उचलला जातो, बोर्डाला हुकूम हरवल्यासारखा वाटतो, तो थांबतो आणि मग शून्याची वाट बघतो. ग्राइंडरच्या थरथराटाने हे हमखास होते. वीज काढून, पॉट बोर्डापासून सोडवून, मधला पाय आणि एक टोक यांच्यात ओहमवर मीटर लावा आणि नॉब सावकाश फिरवा. काटेवाला जुना मीटर असेल तर उत्तम: काटा कुठे उडी मारतो ते डोळ्याला लगेच दिसते, आकड्यांच्या मीटरवर ती उडी निसटते.

नवा पॉट घेताना मूळ किमतीचाच घ्या, साधारणपणे ५ किंवा १० किलोओहम, आणि तो लिनिअर हवा. आवाजासाठीचा लॉगरिदमिक पॉट लावला तर नॉबच्या निम्म्या फेरीत काहीच घडत नाही आणि मग वेग एकदम उसळतो. तिन्ही जोडण्या पक्क्या हव्यात, विशेषतः शून्याकडच्या टोकाची. ती सुटली तर मधला काटा वरच्या टोकाच्या व्होल्टेजला जातो आणि मोटर पूर्ण वेगाने पळू लागते.

पीडब्ल्यूएमवाला बोर्ड: दिवे लागतात, मोटर ढिम्म

एमसी-२१०० ला निळ्या तारेवर २० हर्ट्झचे ठोके लागतात. म्हणजे एक ठोका ५० मिलिसेकंदांचा, आणि त्यातला चालू काळ शून्यापासून ८५ टक्क्यांपर्यंत. काळी तार कॉमन, लाल तार कन्सोलला जाणारा छोटा डीसी पुरवठा, हिरवी वेगाच्या सेन्सरची. नारिंगी, पिवळी आणि जांभळी चढ-उतारासाठी. त्या गुंडाळून बाजूला ठेवा.

इथे अडकलेल्यांची गोष्ट जवळपास एकच असते. आर्डुइनो उनोवर साधा ॲनालॉगराइट वापरलेला असतो. त्याची वारंवारता पिनप्रमाणे ४९० किंवा ९८० हर्ट्झ असते आणि बोर्ड तो हुकूम म्हणून ओळखत नाही. टायमर १ ला ५०,००० मायक्रोसेकंदांचा काळ द्या, की तोच बोर्ड जिवंत होतो. सुरुवात शून्यापासून करा. कमी टक्क्यांवर मोटर हलली नाही तर घाबरू नका, सुरुवातीला काही भाग मेलेलाच असतो. आणि हुकूम एकदम वाढवला तरी बोर्ड वेग हळूहळूच चढवतो. तो उशीर तुमच्या प्रोग्रॅमचा नाही.

मायक्रोकंट्रोलर नको असेल तर ५५५ ही टायमर चिप पुरते. पुरवठ्यापासून पिन ७ पर्यंत १ किलोओहम, १०० किलोओहमच्या पॉटचा मधला पाय पिन ७ ला, पॉटची दोन टोके उलटसुलट लावलेल्या दोन १एन४१४८ डायोडमधून टायमिंग कॅपॅसिटरला, आणि डिस्चार्जच्या वाटेत आणखी १८ किलोओहम. ही १८ किलोओहमची भर महत्त्वाची, कारण तिच्यामुळे नॉब टोकाला नेला तरी चालू काळ १०१ भागिले ११९, म्हणजे ८५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. कॅपॅसिटर ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ०.४७ मायक्रोफॅरड घेतला तर साधारण १९ हर्ट्झ मिळतात, १२ व्होल्टवर त्यासाठी ०.५६ घ्यावा लागतो. हा फरक डायोडवर पडणाऱ्या ०.६ व्होल्टमुळे पडतो. पुस्तकातल्या साध्या सूत्रात तो धरलेला नसतो आणि म्हणून कागदावरचे २० हर्ट्झ प्रत्यक्षात कमी भरतात.

फिरते, काही सेकंदांनी थांबते, आणि दर वेळी तेवढ्याच वेळाने

थांबण्याची वेळ ठरलेली असेल, भार असो वा नसो, तर वेगाचा सेन्सर हा पहिला संशयित. तो पुढच्या रोलरजवळ किंवा फ्लायव्हीलजवळ असतो. दोन तारांचा असेल तर रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा), तीन तारांचा असेल तर हॉल (चुंबक ओळखणारी चिप) किंवा ऑप्टिकल. फिरणाऱ्या भागावर एक चुंबक किंवा खाचांची चकती असते. तुम्ही मोटर घेतली, रोलर सांगाड्याबरोबर गेला, आणि चुंबक त्या रोलरवर होता. बोर्ड मोटरला वीज देतो, ठोके येत नाहीत, म्हणजे त्याच्या दृष्टीने पट्टा अडकलेला आहे. तो थोडा वेळ थांबून बंद करतो.

हा बंद होण्याचा गुण काढून टाकण्यासाठी खोटे ठोके पुरवण्याची युक्ती सुचवली जाते. तिच्यातला धोका समजून घ्या. बोर्ड सेन्सरवरून वेग सांभाळत असेल, तर ठोके कमी दिसले की तो व्होल्टेज वाढवतो. ठरलेले खोटे ठोके आणि नॉबचा हुकूम यांचा मेळ बसला नाही की तो वेग गाठण्याच्या नादात पूर्ण व्होल्टेज सोडेल, आणि मोटर खरोखर अडकली तरी त्याला पत्ता लागणार नाही. त्यापेक्षा शाफ्टवर खरा चुंबक चिकटवा आणि सेन्सर शेजारी बसवा. चुंबक इपॉक्सीने बसवून वरून पट्टा आवळा. पाच-सहा हजार फेऱ्यांना नुसत्या गोंदावर भरवसा नको. एक लक्षात घ्या: सेन्सर रोलरवर होता आणि आता मोटरवर आला, तर पुलीच्या प्रमाणाइतके ठोके जास्त येतील आणि बोर्ड मोटरला तितकीच हळू चालवेल. वेग वाढतच नाही अशी तक्रार अशा जोडणीनंतर येते, तिचे कारण हे.

एमसी-२१०० मात्र याला अपवाद. त्यात सेन्सरचे ठोके बोर्डातून पुढे कन्सोलला जातात आणि त्यांचा हिशेब कन्सोल ठेवतो. कन्सोलच काढला असेल तर सेन्सरशिवाय बोर्ड खुशाल चालतो.

थांबण्याची वेळ दर वेळी वेगळी असेल आणि भार टाकल्यावरच थांबत असेल, तर ती प्रवाहाची मर्यादा. थांबलेल्या आर्मेचरचा (मोटरच्या फिरत्या भागातल्या वेटोळ्यांचा) रेझिस्टन्स फार तर एक-दोन ओहम. वेग चढेपर्यंत प्रवाहाला रोखून धरणारे दुसरे काही नसते, म्हणून जड चक फिरवायला सुरुवात करताना प्रवाह झपाट्याने वाढतो. पुलीचे प्रमाण बदलून मोटरला तिच्या मूळ वेगाजवळ चालवणे हा यावरचा चांगला उपाय. ट्रेडमिलच्या मोटरची ताकद तिच्या वेगात आहे; चतुर्थांश व्होल्टेजवर तिच्याकडून पाटीवरच्या अश्वशक्तीचा चतुर्थांशच मिळतो. थाइरिस्टर बोर्डावरचा सीएल ट्रिमर (प्रवाहाची मर्यादा ठरवणारा, स्क्रूने फिरवायचा छोटा पॉट) पिळून मर्यादा वाढवणारे बरेच दिसतात. त्या ट्रिमरला मी हात लावत नाही, कारण पुढचा बळी थाइरिस्टर किंवा मोटरचे चुंबक असते. फार मोठ्या प्रवाहाने कायमचुंबकाची ताकद उतरते आणि ती परत येत नाही.

मंद वेगाला हिसके

आयआर ट्रिमर जास्त झाला की मोटर मंद वेगावर वर-खाली झुलते: पळते, दबते, पळते. भार आल्यावर व्होल्टेज थोडे वाढवून वेग टिकवणे हे त्याचे काम. गरजेपेक्षा जास्त भरपाई झाली की झुलणे सुरू होते. तो अगदी थोडा मागे घ्या. मूळ जोडणीत मोटरच्या मार्गात लोखंडी गाभ्याचा जड चोक (प्रवाह सपाट करणारी कॉइल) होता का तेही आठवा. वजन वाचवायला तो बाजूला ठेवला जातो आणि मग मोटर गुरगुरते, ब्रश लवकर झिजतात. फ्लायव्हील काढून टाकले असेल तरी हिसके वाढतात.

आउटपुट तपासताना मीटर खोटे बोलतो

मोटर काढून नुसता मीटर लावला तर थाइरिस्टर बोर्ड 'बंद' असतानाही मोठे व्होल्टेज दाखवू शकतो, कारण स्नबरमधून (थाइरिस्टरला समांतर लावलेल्या रेझिस्टर-कॅपॅसिटरमधून) झिरपणारा सूक्ष्म प्रवाहही मीटरला पुरतो. मोटरऐवजी तारेचे जुने बल्ब लावा: १२० व्होल्टच्या बोर्डावर १०० वॅटचा एक, २३० व्होल्टच्या बोर्डावर तसे दोन सिरीजमध्ये. नॉबबरोबर उजेड शून्यापासून सलग वाढला तर बोर्ड निर्दोष. नॉब शून्यावर असताना बल्ब पूर्ण किंवा अर्धा पेटला तर थाइरिस्टर किंवा (पीडब्ल्यूएम बोर्डावर त्याचेच काम करणारा) मॉस्फेट शॉर्ट झालेला आहे. तो बोर्ड मोटरला जोडायचा नाही. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी.

वीज देताच फ्यूज उडत असेल तर पुरवठ्याच्या मार्गातही असाच एक बल्ब सिरीजमध्ये टाका. तो क्षणभर पेटून विझला तर कॅपॅसिटर भरला, सगळे ठीक. तो जळतच राहिला तर ब्रिज, मुख्य स्विच किंवा फ्रीव्हीलिंग डायोड (मोटरला समांतर असलेला) यांपैकी काहीतरी शॉर्ट आहे.

फ्यूज न उडता आरसीसीबी (विजेच्या गळतीवर पडणारा ब्रेकर) पडत असेल, तर बोर्डाआधी मोटर तपासा. ब्रशची कार्बन धूळ मोटरच्या अंगाला चिकटून गळतीची वाट तयार करते. मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) टर्मिनल आणि बॉडी यांच्यातले इन्सुलेशन बघा, पण त्याआधी मोटर बोर्डापासून पूर्ण सोडवा, नाहीतर मेगरचे ५०० व्होल्ट बोर्डात शिरतील. कोरड्या हवेने धूळ उडवल्यावर आकडा सुधारतो. पुढे लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून मोटरला आडोसा करा, मात्र वाऱ्याची वाट न बुजवता.

सिरियलवाला बोर्ड

त्याची भाषा उकलण्यात वेळ घालवण्यासारखे यंत्र क्वचितच असते. कन्सोल शाबूत असेल तर तोच ठेवा, वेग वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या बटणांना समांतर तारा काढून यंत्राजवळ दोन पुश बटणे बसवा, सेफ्टी कीची जागा आणीबाणीच्या स्टॉप बटणाला द्या. तोटे आहेत: सुरू होताना उलटी गणती होते, सर्वात कमी वेग ठरलेला असतो, आणि बरेच कन्सोल ठरावीक वेळेनंतर आपोआप थांबतात. ग्राइंडरला हे चालते, लेथला नाही. लेथसाठी बोर्ड बाजूला ठेवून मोटरच्या व्होल्टेज आणि प्रवाहाला जुळणारा पॉटवाला डीसी ड्राइव्ह घ्या. दिव्याचा डिमर आणि ब्रिज जोडूनही मोटर फिरते, पण त्यात प्रवाहाची मर्यादा नाही आणि वेग टिकवणारी भरपाई नाही. मंद वेगावर हत्यार लागले की मोटर बसते.

उलट फिरवायची असेल तर

दोन जाड तारा अदलाबदल केल्या की मोटर उलट फिरते, पण अनेक ट्रेडमिल मोटरींचे फ्लायव्हील आट्यांवर बसवलेले असते आणि ते आटे मूळ दिशेत घट्ट होतील असे कापलेले असतात. उलट दिशेत ते सैल होत जाऊन सुटू शकते. आधी शाफ्टला आरपार पिन किंवा सेट स्क्रू घाला, मगच तारा बदला. दिशा बदलणारा स्विच डीसीच्या दर्जाचा असू द्या आणि मोटर पूर्ण थांबल्यावरच फिरवा. एसीचा साधा स्विच एवढ्या डीसी व्होल्टेजवर उघडताना ठिणगी तोडू शकत नाही आणि त्याचे संपर्क वितळून चिकटतात.